डावीकडे वळताना

सरळ जाताना काही नाही.
उजवीकडेही नाही.
डावीकडे, स्टिअरिंग अर्ध्याच्या पुढे गेलं की
आधी कुरकुर, मग दबा धरल्यासारखी शांतता,
आणि मग टण्ण.
बंद पेटीत कुणी तार तोडावी तसं.

ग्युमरीहून अशोत्स्ककडे डावी वळणं अकरा.
मोजली आहेत मी. दरवेळी वाटायचं,
आता चाक निखळून पुढे पळत जाईल
आणि कुणाच्या तरी बाळंतपणाला
माझ्याआधी पोचेल.

ऑक्टोबरपासून मी त्या आवाजाला नावं देत आले.
थंडी असेल, रबर आखडलं असेल.
डिकीतला जॅक असेल. काढून ठेवला.
माझी पिशवी असेल. शेजारच्या सीटवर घेतली.
नवरा म्हणाला, रेडिओ मोठा कर.

मार्चमध्ये गेले झावेनकडे.
काळ्या दगडाच्या भिंतीला टेकलेलं गॅरेज,
स्टोव्हवर कॉफी, आणि तो, एका कानाचा,
दुसरा कान सूतगिरणीला देऊन बसलेला.
विचारायला लागला:
कधीपासून? उभ्यानं होतं की चालताना?
थांबून थांबून, की सलग?
मला हसू फुटलं. हे माझे प्रश्न.

वळताना वेग दिल्यावर कट-कट-कट झालं असतं
तर एक्सलचा सांधा, तो म्हणाला.
खड्ड्यात खडखडलं असतं तर दांड्याची कडी.
वेगाबरोबर गुणगुणलं असतं तर चाकाचं बेअरिंग.
तुझं उभ्या गाडीत होतंय.
मग वर बघू.

पोरगा गोर आत बसून स्टिअरिंग फिरवू लागला.
झावेननं स्क्रूड्रायव्हरचं टोक शॉकअब्सॉर्बरच्या डोक्यावर टेकवलं,
मूठ चांगल्या कानाला लावली,
आणि मान हलवली. काही नाही.
तेव्हा मी पिशवीतून शिंग काढलं,
अक्रोडाच्या लाकडाचं, पोटावर ठेवून ऐकायचं,
आणि बॉनेटखाली वाकले.

या शिंगातून आजवर जे ऐकलं
ते सगळं घाईतलं होतं.
इथे घाई नव्हती. काहीतरी
कण्हत होतं, अगदी सावकाश.

झावेननं बाही सारून स्प्रिंगवर तळवा ठेवला.
डावीकडे, गोर. अजून. अजून.
स्प्रिंग पिळत गेली,
वर जे फिरायला हवं ते फिरेना,
पीळ साठत साठत गेला
आणि सुटला.
मी कानानं, तो हातानं,
दोघांनी एकदमच "हं" म्हटलं.

बेअरिंग निघालं मुठीत मावेल एवढं,
गोळ्या गंजून एकमेकींना धरून बसलेल्या,
आत रस्त्यावरच्या मिठाचं तांबूस पीठ.
दोन्ही बाजूंची बदलू, तो म्हणाला.
मी म्हटलं, उजवं तर गप्प आहे.
जुळी असली, तर तू एकाचंच ऐकतेस का?
पैसे मात्र त्यानं दोन्हींचे घेतले.
गोरला या जगात मीच आणलंय,
त्याची सूट इथे मिळत नाही.

त्याच रात्री अशोत्स्कहून निरोप.
पहिलं वळण. काही नाही.
दुसरं. रेडिओ बंद केला, खात्री करायला.
सातव्यानंतर मोजायचं विसरले.

नाझेलीच्या सासूनं दार उघडलं, दचकून,
हातात रिकामं पातेलं.
अगंबाई, आलीस?
खालच्या वळणावर टण्ण झालं
की आम्ही पाणी ठेवतो चुलीवर.
आज ऐकूच आलं नाही.

आत नाझेली कुशीवर वळली.
मी हात चोळत ऊब आणली,
शिंग काढलं.
पाणी अजून गारच होतं.