पाऊण तोळा

ग्राहकाने टॉवेलांचे पैसे दिले वेळेवर,
आणि वर एक लांबट खोका पाठवला:
गोल्फचा ड्रायव्हर. डोकं एक, शाफ्ट तीन.
पंचेचाळीस, पंचावन्न, पासष्ट ग्रॅम.
चिठ्ठीत लिहिलं होतं, तुमचं वय बघता
हलका बरा.

वय बघता.
एकोणीस वर्षं मी गोल्फचे टॉवेल विणतोय,
कोपऱ्यात पितळी कडी, मधोमध त्यांचा शिक्का,
आणि हातात काठी आली ती परवा-परवा,
पुण्यात कुणीतरी धरायला दिली म्हणून.
तेव्हापासून झोप लवकर उघडते.

अक्कलकोट रोडच्या शेडमागे, रंगखान्याच्या पलीकडे
मुरमाड माळ आहे.
पहाटे साडेपाचला, ऊन अंगावर यायच्या आत,
तिरक्या शिक्क्याचे, कडा सुटलेले बाद टॉवेल
पन्नास-पन्नास पावलांवर अंथरतो,
चारी कोपऱ्यांवर खडे ठेवतो,
आणि मारतो.

पंचेचाळीस उचलला तर काही उचललंच नाही असं.
एक चेंडू गेला थेट पाचव्या टॉवेलापार,
मी ओरडलो, वॉचमन जागा झाला.
पुढचे सात सात दिशांना:
एक बाभळीत, एक शेजारच्या सायझिंगच्या पत्र्यावर.
खाली येताना डोकं कुठंय
हाताला पत्ताच नाही,
अंधारात जिना संपल्यावर
एक पायरी आणखी धरावी तसं.

अंबादास कोडम, माझा जॉबर, सत्तरीचा,
चहाचा ग्लास धरून बघत होता.
"धोटं हलकं झालं की उडतंय की हो, मालक.
माझ्या भावाच्या भुवईवर खूण हाय अजून."
आणि जड झालं तर?
"मधीच बसतंय. ताणा तुटतोय."
घोट घेऊन म्हणाला,
"पण बसलेलं धोटं कुणाचा डोळा घेत नाही."

मधल्या मारुतीपाशी शेट्यांच्या पेढीत गेलो,
तिन्ही काट्यावर घालायला.
काचेच्या पेटीत मावेनात,
दारं उघडून आडवे ठेवले, पंखा बंद केला.
शेटे म्हणाले, यात सोनं कुठाय?
पासष्ट भरला त्रेसष्ट पूर्णांक आठ:
छापलेला आकडा अखंड शाफ्टचा,
कापल्यावरचा कुणी छापत नाही.
पंचावन्न भरला छप्पन्न पूर्णांक तीन.
दोघांत फरक साडेसात ग्रॅम.

याच काट्यावर, दोन माग घेतले त्या साली,
महानंदाची कर्णफुलं पाऊण तोळा भरली होती.
मला वाटलं होतं, एवढंसं तर आहे.
पुढे कित्येक वर्षं
ती मान जरा उंच धरून चालायची.

मग तोंडाला पावडर लावली,
ड्रायव्हरच्या, माझ्या नव्हे.
दर फटक्याला एक ठसा.
पंचेचाळीसचे, पोराने रवा सांडावा तसे.
पंचावन्नचे, आज टाचेकडे, उद्या बोटाकडे.
पासष्टचे वीस,
आणि वर रुपया ठेवला तर सगळे झाकले.
लांबी बारा पावलं कमी.
मोजली आहेत, खोटं बोलत नाही.

माझा हात वरून घाईनं सुटतो,
साऱ्या जन्मात माल वेळेत पाठवायचीच घाई.
त्याला दांडीतूनच कुणीतरी
थांब म्हणणारं लागतं.
तिसाव्या चेंडूला खांदा बोलू लागला, खरं आहे.
पण एका डावात ड्रायव्हर निघतो चौदा वेळा.
तीस मारायचेत कुणाला?

ग्राहकाला कळवलं: पासष्ट ठेवतो.
वय बघूनच.

पंचावन्न परत गेला.
पंचेचाळीस महानंदाने ठेवून घेतला,
टोकाला आकडा बांधून
त्यानं शेवग्याच्या शेंगा पाडते.
"हे बरं हाय, हाताला लागतच नाही," म्हणते.
वर बघते तेव्हा कानांतली नवी फुलं हलतात.
ती किती भरतात,
अजून विचारलेलं नाही.