रकाना नऊ

माझ्या टेबलावर धोका रकान्यात येतो.
रकाना नऊ: जीवितास धोका कोणापासून.
बहुतेक लोक लिहितात, अज्ञात इसम.
बारा वर्षांत या अज्ञात इसमाच्या
इतक्या फायली हाताखालून गेल्यात
की तो कधी पोवई नाक्यावर भेटलाच
तर मी त्याला चहा पाजीन,
विचारीन, बाबा रे, तू झोपतोस कधी?

परवा इंद्रजित डुबल आले. उंब्रज, खडी क्रशर.
सोबत दोन पोरं, एकाच्या मोबाईलवर शूटिंग चालू.
म्हटलं, इथं बंद करा.
बंद केलं, पण खिशातून डोकावत ठेवलं.
पोलिसांचा अहवाल: शिफारस नाही.
डुबल म्हणाले, मॅडम, घटनेनं दिलेला हक्क आहे हा.
अमेरिकेत बघा, दुकानात मिळते.
म्हटलं, मिळत असेल.
आमच्याकडं अर्ज मिळतो,
तोही खालच्या झेरॉक्सवाल्याकडं.

घरी जाऊन घटना उघडली.
लेकीचं स्पर्धा परीक्षेचं पुस्तक, पिवळ्या शाईनं रंगवलेलं.
शस्त्र शोधत गेले.
कृपाणाची एक ओळ सोडली
तर भेटलं ते कलम एकोणीसमध्ये:
शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क.
छापताना ओळ संपली होती शब्दाच्या मधेच.
वर राहिला विनाश,
खाली उतरला स्त्र.
लेक म्हणाली, आई, चुकीचं छापलंय का?
म्हटलं, नाही गं,
तोडायचं कुठं, एवढाच प्रश्न आहे.

आज भागुबाई झोरे.
पाटणच्या वरच्या अंगाला कुठंतरी,
वाडीचं नाव सांगून सापडायची नाही.
काखेत वाकळ, वाकळीत ठासणीची बंदूक,
पीक संरक्षण, आधी सासऱ्याच्या नावची, मग नवऱ्याच्या.
नवरा माघात गेला.
एसटीतून आणली. कंडक्टरनं विचारलं, काय आहे?
म्हणाली, कुळवाचं दांडकं.
लगेजचं तिकीट काढलेलं, तेही दाखवलं मला.
शिपाई दोन पावलं मागं. मीपण.
"भरल्याली न्हाई," म्हणाली,
"दारू सपून दोन वर्सं झाली.
डुकरं डबा वाजवला तरी पळत्यात,
आन् गवा हिच्या आवाजाला मानबी वळवत न्हाई."

मी नियमाप्रमाणे सांगितलं:
बंदूक ठाण्यात जमा करायची, इथं फक्त कागद.
शिवाय परवाना वारसाच्या नावावर होतो,
मुलगे आहेत ना?
"हायत की. तीन.
पोरं तीन, बंदूक एक, आन् बांध बी एकच.
रान वाटून दिलं, म्हसरं दिली, भांडी दिली.
ही न्हाई वाटायची."

परत करायच्या अर्जात कारणाला जागा आहे, दोन बोटं रुंद.
मी 'वापर नाही' लिहायला घेतलं
आणि थांबले.
रकाना नऊ या अर्जात नसतो.
धोका कोणापासून, हे परत देणाऱ्याला
कुणी विचारत नाही.
मीही विचारलं नाही.
तिनं अंगठा उठवला,
फिकट आला म्हणून पुन्हा बुडवून.

ठाण्यातनं जमादार येईपर्यंत ती बाकावर बसली.
समोर डुबलांची फाईल, माझा अभिप्राय कोरा.
लिहिला, दोन ओळी.
मागं अशाच दोन ओळींवर
रात्री साडेदहाला फोन आला होता.
तरी लिहिला.

निघताना ती पुन्हा टेबलाशी.
"बाई, हिचा पट्टा तेवढा ऱ्हाऊ द्याल का?
चामडं चांगलंय. रेडकाला व्हईल."
मी नियम काढले, पान अन् पान.
नळीबद्दल आहे, चापाबद्दल आहे, दस्त्याबद्दल आहे.
पट्ट्याबद्दल काही नाही.
जमादार म्हणाला, मॅडम, मी 'पट्ट्यासह' लिहून बसलोय.
म्हटलं, खोडा.
विना पट्टा लिहा.
आणि मधे जागा सोडा, जरा.