प्यायलेलं मीठ

शिबसा नदीच्या बांधावरून चालत येते मी.
पिशवीत दंडाचा पट्टा, रबरी फुगा,
आणि ढाक्याहून छापून आलेले कागद.
फाल्गुन संपत आलाय. चिखल भेगाळलाय,
भेगांच्या कडा पांढऱ्या;
दुरून वाटावं, कुणाच्या हातून पीठ सांडलं.

माजेदा बाविशीची. सातवा महिना.
पायावर बोट दाबलं की खळगा पडतो
आणि मी बोट उचलल्यावरही
तसाच राहतो, उत्तराची वाट बघत.

पट्टा आवळते. कान देते.
एकशे साठ. खालचा आकडा शंभराच्या वर.
थांबून पुन्हा मोजते,
पहिल्या आकड्यावर कुणाचाच विश्वास बसत नाही,
माझासुद्धा.

मग कागद.
तंबाखू?
सासू पान थुंकते, म्हणते, ते माझ्या नावावर लिही.
वजन? पोटातलं धरून सत्तेचाळीस.
आईबापाला होता हा आजार?
अब्बा वादळात गेले, आपा. त्यांचं कुणी मोजलं नव्हतं.
झोप?
नवरा चितगावला जहाजं तोडतो.
फोन वाजला तर झोप. नाही वाजला तर नाही.
चिंता. या चौकोनात मी न विचारताच खूण करते,
बांधावरच्या सगळ्याच घरांत करते.

पानात वरून मीठ घेता?

फुलजानबी गुडघ्यावर हात टेकून उठते.
मीठ? आत ये.
चुलीवर डाळ. पळीभर माझ्या तळव्यावर.
चाख.
चाखते. हवी त्याहून चिमूटभर जास्तच.
यात मी काही घातलेलं नाही, ती म्हणते,
अकरा वर्षं या घरात मिठाची पुडी आली नाही.
कोळंबीसाठी खारं पाणी आत घेतलं ना त्यांनी,
तेव्हापासून नदीच वाढते आमच्या पानात.

खुलन्याच्या प्रशिक्षणात पंखा होता, चहा होता.
बाईंनी चमचा भरून, वरून बोट फिरवून
सपाट करून दाखवला होता:
दिवसाला एवढंच.
आम्ही वहीत चमचा काढून घेतला.
पेल्यात किती चमचे, हे कुणी विचारलं नाही.
मीही नाही. माझं माहेर याच नदीवरचं असून.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात.
प्यायलेलं मीठ स्वतःच जागतं,
रात्रभर, कानशिलात,
आणि सकाळी डोळ्यांपुढे काजवे सोडतं.

परसात पावसाच्या पाण्याची टाकी.
टिचकी मारली, पोकळ वाजली.
माघातच संपलं, माजेदा सांगते,
आता घाटावर वीस टाकांना कळशी मिळते, गोडं.
कोण आणतं?
मीच.
पितं कोण?
ती दाराकडे बघते. दारात तिचा पाच वर्षांचा रतन.

कागदावर पाण्याला चौकोन नाही.
समासात पेन्सिलीने लिहिते: पाणी.
वरच्या कचेरीत कागद संगणकात जातात,
समास जात नाही, ठाऊक आहे मला.
तरी दोनदा गिरवते.

व्हॅनवाल्या मोतालेबला फोन करते.
तासाभरात येतो म्हणाला,
म्हणजे दोन तास, म्हणजे ओहोटी लागल्यावर.
उपजिल्ह्याच्या इस्पितळात एक खाट आहे,
सकाळपर्यंत तरी होती.
माजेदा विचारते, मीठ सोडू का, आपा?
कशातून सोडशील, असं ओठांवर येतं.
डाव्या कुशीवर नीज, म्हणते. फोन जवळ ठेव.

निघताना फुलजानबी पेला पुढे करते.
घे. गोडं आहे. पाहुणीला खारं कसं देणार?
घसा कोरडा पडलेला. नाही म्हणता येत नाही.
पहिल्या घोटाला जीभ चकते, इतकं साधं पाणी.
रतन पेल्याकडे बघतोय.
अर्ध्यावर थांबते, पेला खाली ठेवते.

उष्टं टाकू नकोस, म्हातारी म्हणते,
आमच्याकडे अपमान समजतात.