लाल कार्ड

डोनेगलच्या किनाऱ्यावर तंबू, वाऱ्याने फुगलेला.
प्रत्येक कथेकऱ्याला बारा मिनिटं.
फीलिम बोटीला डांबर फासण्यापासून सुरू झाला,
मग डांबराचा वास, मग ते विकणारा लंगडा,
लंगड्याची बायको...
नायक पाण्यात पडला तेवढ्यात
वेळ बघणाऱ्या सॉरखाने लाल कार्ड धरलं.

म्हातारा थांबला. टोपी चढवली.
"बरं. राहू दे त्याला पाण्यात.
पोहता येतं थोडंफार."
आणि उतरला.

पुढची बाई चांगली होती, लोक हसलेही,
पण पाय कुणाचेच कोरडे वाटेनात.

रात्री दीडला दारावर टकटक.
सॉरखा, झोपायच्या कपड्यांवर रेनकोट.
"आला का तो वर?"

फीलिमने किटली चढवली.
"आधी घड्याळ काढून ठेव," म्हणाला,
"अजून किनारा दिसत नाहीये त्याला."