कव्हर

आधी कोपरे गेले.
मला वाटलं माझगावच्या क्लबात नवा बोर्ड आलाय,
खिसे लहान असतील.

मग दारांच्या चौकटी खांद्याला लागू लागल्या.
डॉकयार्ड रोडच्या उतारावर एक सायकलवाला
कुठूनच न येता अंगावर आला,
शिवी देऊन कुठेच न जाता गेला.

पाळी थांबून वर्ष झालं होतं.
ऑफिसात सगळ्या म्हणाल्या, सुटलीस!
चष्मेवाल्याने दोनदा नंबर बदलला.
त्याच्या तक्त्यावरची शेवटची बारीक ओळसुद्धा
मी घडाघडा वाचत होते.
समोरचं सगळं शाबूत.

सगळ्यात विचित्र हे,
की स्ट्रायकरवर नजर रोखली
तर मागची सोंगटी नाहीशी.
नजर उचलली की परत जागेवर,
पाहुण्यांसमोर लाजणाऱ्या पोरासारखी.

जे.जे.त एका पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसवलं.
दिवा लुकलुकला की बटण दाबा.
मी खेळणारी बाई, ठेका पकडला, दाबत राहिले.
"मावशी, दिवा नसतानाही दाबताय."

कागदावर दोन गोल उमटले.
डाव्याची डावी बाजू काळी, उजव्याची उजवी.
डॉक्टरीणबाईंनी केसपेपरच्या पाठीवर फुली काढली.
इथे दोन्ही डोळ्यांच्या नसा भेटतात,
अर्धे धागे इकडचे तिकडे जातात.
खाली वाटाण्याएवढी ग्रंथी, तिच्यात गाठ.
ती वर रेटतेय, नेमके ओलांडणारे धागे दाबतेय.
"गाठ पण वाटाण्याएवढी?"
"लिंबू म्हणा. छोटं."

नाकातून शिरून काढता येते, म्हणाल्या,
पण आधी गोळी. सोमवारी अर्धी, गुरुवारी अर्धी.
रक्तात दूध आणणारं संप्रेरक उतू चाललंय.
लग्नाला बावीस वर्षं,
एक पोर पाजलं नाही मी.
मान हलवली, फाइल पिशवीत घातली.

डबल्समध्ये भिडू समोर बसतो,
शत्रू डाव्या-उजव्या हाताला.
त्या रविवारी मला नुसती मिल्का पेझारकर दिसली,
कपाळावर बोरिक पावडरचं बोट.
दोन्हीकडून हात तेवढे येत,
सोंगट्या घेऊन जात.

राणी अजून मधोमध होती. ती दिसली, ती घेतली.
आता कव्हर.
मिल्का पुढे वाकली, काहीच बोलली नाही,
नखाने माझ्या डाव्या, नसलेल्या खिशावर
टक टक केलं.

मी आवाजावर मारला.

नियमात बसत नाही हे.
कुणी हरकत घेतली नाही.
घेतली असेल, नुसते हात वर करून,
माझ्यापर्यंत पोचली नसेल.