काटा

आमचं गाव पाण्याखाली आहे.
उकाईची फुगी नवापूरच्या अंगाला सरकत आली
तेव्हा बापाने नांगर सादड्याला टांगला, उंच,
आणि सादडाच बुडाला.
ज्या चार बिघ्यांत तूर व्हायची
त्यांच्यावरून आता याकोब वळवी
भाड्याच्या होडीतून जाळं टाकतो.

होडी ठेकेदाराची. जाळं ठेकेदाराचं.
बर्फ त्याचा, टेम्पो त्याचा.
पाणी सरकारचं, पण पाच वर्षं तेही त्याचंच.
मी काट्यावर बसतो.
किलोमागे दोनशे ग्रॅम
पाण्याचं वजन म्हणून कापतो
आणि उरलेलं उचलीच्या वहीत मांडतो.
सातला धुळ्याहून फोन येतो :
"कितला शे रे भो? बठ्ठं लिखी ठेव."
मी बठ्ठं लिहून ठेवतो.

रविवारी पत्र्याच्या देवळात
ज्यांचं कापलं त्यांच्याच चटईवर बसतो.
याकोब सरकून जागा देतो.
त्याच्या अंगाला मरळीचा वास,
माझ्या बोटांना शाईचा.

चिंचपाड्याकडून आलेला नवा पाळक, एलिया कोकणी,
वयाने पोरगाच,
म्हणाला : त्या सरोवरातले मासे कोणाचे होते?
कोणी बोलेना.
जेमाबाई म्हणाली, देवाचे.
तो म्हणाला, राजाचे.
होडीला परवाना, जाळ्याला कर,
खारवलेल्या माशाला जकात.
काठावर सम्राटाच्या नावाचं नवं शहर उठत होतं
आणि अंजिराखालची वावरं
एकेक करून शहरातल्या धन्यांकडे जात होती.
ज्यांची गेली ते पहाटे चौकात उभे राहायचे,
आपल्या नाक्यावर राहतात तसे,
उन्हं डोक्यावर येईस्तोवर उभेच.
"ही गोष्ट आभाळातून पडली नाही," तो म्हणाला,
"रोजंदारीतून उगवली.
आणि रोज म्हणता त्या प्रार्थनेत
आपल्या भाषेत शब्द पाप नाही. ऋण आहे."

जेमाबाईने पदर तोंडाला लावला.
मी चटईची एक काडी मोडली.

त्याला मारल्यावर पस्तीसेक वर्षांनी
राजधानीत बंड झालं, तेव्हा लोकांनी
महालांपाठोपाठ दप्तरखाना पेटवला,
कर्जरोखे ठेवलेले असायचे तो.

"मग?" याकोबने विचारलं.
देवळात असं मध्ये कोणी विचारत नाही.

"मग शहरच जळालं.
आणि तीनशे वर्षांनी एका सम्राटाने
ढालींवर त्याचीच खूण काढली.
देवळांना जमिनी मिळाल्या, जमिनीबरोबर कुळं,
आणि कुळांचा हिशेब ठेवायला कारकून लागले."
हे म्हणताना तो माझ्याकडे बघत नव्हता.
बघायला हवं होतं.

लहानपणी रविवारच्या शाळेत
मी एक चित्र रंगवलं होतं :
जकातनाक्यावरचा माणूस उठून चालू लागतो,
मागे चौरंगावर वही उघडी.
अंगरखा मी निळा केला, वाट पिवळी.
वहीला रंग उरला नाही.
तिचं पुढे काय झालं, बाईंनी सांगितलं नव्हतं.
आता कळतं :
दुसऱ्या सकाळी तिथे दुसरा कोणी बसला असणार.
माझ्यासारखा, बायको-पोरं असलेला.

सोमवार. धुकं. याकोबची टोपली.
काटा म्हणतो अकरा किलो चारशे.
मी अकरा किलो चारशे लिहितो.
याकोबला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात.
तो वहीवर वाकतो,
ओठांत हिशेब करतो, परत करतो,
मागे पाण्याकडे बघतो, कोणी ऐकत नाही ना,
आणि हळूच म्हणतो,
"चुकलास."

फळीवर फोन थरथरतो,
आपोआप सरकत
कडेपर्यंत येतो.