शुक्रवारचा ठराव

पर्वरीला शुक्रवार हा आमदारांचा स्वतःचा वार.
गॅलरीत कुठल्यातरी शाळेची मुलं जांभया देतात,
टेकडीखाली मांडवी भरतीला आलेली असते,
आणि मी, प्रतिवेदक क्रमांक चार,
आत जाऊन दहा मिनिटांचं बोलणं
वहीत उचलून बाहेर आणते.

माझ्या दहा मिनिटांत तो ठराव आला:
ज्यांचं अपंगत्व कायमचं आहे
त्यांना दरवर्षी ते सिद्ध करायला लावू नये.
एवढंच. दीड ओळ.
एकोणीस हो, चौदा नाही,
बाकीचे चहाला.

मंत्री उठले, हसूनच उठले.
सभागृहाच्या भावनेची नोंद घेतली आहे, म्हणाले,
मात्र ठराव बंधनकारक नाही,
हे सन्माननीय सदस्य जाणतातच.

लघुलिपीत 'बंधनकारक नाही'ला
एक आकडी आणि एक ठिपका पुरतो.
बावीस वर्षं माझा हात
न विचारता तो ठिपका देत आला.
त्या दिवशी दिला नाही.

मग दिला. नोकरी आहे.

तीन बस बदलून बाणावलीला उतरले तेव्हा
रुझार दारातच बसला होता.
एकेकाळचा रेंदेर, अठ्ठावीस माडांचा.
डाव्या पायाच्या जागी घडी घातलेली पँट
आणि तिला सांतानने लावलेली सेफ्टी पिन.
दर एप्रिलला तो बांबोळीला जातो,
रांगेत उभा राहतो, म्हणजे टेकतो,
आणि डॉक्टरांना दाखवून येतो
की पाय अजून उगवलेला नाही.

"किती जण हो म्हणाले?"
"एकोणीस."
"म्हणजे आपण जिंकलो?"
"जिंकलो."
"मागीर एप्रिलांत?"
मी चपला झटकत राहिले,
वाळू नव्हती तरी.

मग मी त्याला सरकारची बाजू सांगितली,
तीही मीच इतक्यांदा लिहून घेतलेली:
तिजोरी एक, ठराव शंभर.
प्रत्येक शुक्रवारने सोमवारचे हात बांधले
तर राज्य हाकायचं कुणी?
आणि खोटे दाखले असतात रे,
लंगडत अर्ज देऊन
संध्याकाळी मैदानावर गोल मारणारे
मीही पाहिलेत.
लोकांनी निवडलंय तेही त्यांनाच.

रुझार नीट ऐकतो.
माडावर राहिलेल्या माणसाला
खालचं सगळं ऐकायची सवय असते.

म्हणाला, बांधल्याशिवाय काही कामं होत नाहीत, खरंच.
पोय सुंभाने आवळली नाही
तर सुरेचा थेंब मिळत नाही.
पण माडाला चढायच्या खाचा असतात ना,
त्या कुणाचा पाय बांधून ठेवत नाहीत.
काही माझ्या पायने पाडलेल्या,
काही त्याच्याही आधी कुणी.
त्या एवढंच सांगतात, इथे ठेव.
नाही ठेवलास तरी माड काही बोलत नाही.

मी एकदा नाही ठेवला.
घाईत होतो.

आत सांतान भांडी घासत होती,
तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू लागला.

सोमवारी मी मुद्रितं तपासली.
एकोणीस नावं, चौदा नावं,
एका आडनावाची वेलांटी चुकली होती, सुधारली.
वर्ष संपलं की कामकाजाचे खंड
बांधणीला जातात.
जाड दोरा, सरस, वर लाल कापड.
तिथे एकोणीस जणांचं 'हो'
असं घट्ट शिवलं जाईल
की पान फाटेल, पण सुटणार नाही.
बंधन म्हणावं तर तेवढंच.

आणखी एक. एप्रिलमध्ये एक दिवस
बांबोळीला रुझारबरोबर जायचं ठरवलंय.
त्याने बोलावलेलं नाही.
रजेच्या अर्जात कारणाचा रकाना असतो,
लोक तिथे लग्न लिहितात, ताप लिहितात.
मी लिहिलं: सभागृहाचा ठराव.

अर्ज अजून साहेबांच्या टेबलावर आहे,
पेपरवेटखाली.